अंगठा लागत नाही

सकाळी सव्वासात. डिसेंबर.
काचेवर अंगठा ठेवते.
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
पदराला पुसते, फुंकर घालते, ठेवते.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग वाढलेली. वॉचमन म्हणतो,
"गांगुर्डे सिस्टर, तुम्ही आहात की नाही
ते एकदा ठरवा."

आईला सही येत नव्हती.
मोहाडीच्या बागेत ती घडांची विरळणी करायची
आणि शनिवारी मुकादमाच्या वहीत
जांभळा अंगठा उठवायची.
कसा उठायचा! एकेक रेघ मोजून घ्यावी.
पोरीवर ही वेळ नको म्हणून तिनं मला शिकवलं.
शिकले. माझी सही झोकदार आहे,
शेवटी शेपटी काढलेली.
ती आता कुणी मागत नाही.

एका रात्री मोजलं होतं.
सलाइनच्या रिकाम्या खोक्यावर काड्या ओढत गेले,
दर पाचवी आडवी.
हात लावण्याआधी, लावल्यावर,
सुई, पिशवी, चादर, पुन्हा सुई.
एकसष्टला पेन संपलं.
घड्याळात साडेतीनच वाजले होते.

हातमोज्यात घाम, बाहेर साबण,
मग तो गार थेंब.
चिरेत शिरला की डोळे भरतात
आणि चेहरा मात्र तोच ठेवायचा,
पेशंटसमोरचा.
कॉलेज रोडला मिसळीवर लिंबू पिळायला
शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला सांगितलं.
तो म्हणाला, "मेंदी लावलीय का?"
मी हो म्हणाले.

शरणपूरच्या रूथ उजागरे सिस्टर,
निवृत्तीला चार महिने उरलेले.
माझा हात उलटा करून पाहिला
आणि माझ्यावरच चिडल्या.
"धुणं कमी कर, असं मी सांगणार नाही.
ते पाप माझ्याकडून होणार नाही.
पण टिपायचा हात, घासायचा नाही.
तवा आहे का तो?"
पर्समधून डबी काढली. पांढरं, घट्ट, बिनवासाचं.
"वासाचं घेऊ नको, वासच चावतो."
हात ओलसर असतानाच, बेचक्यांत, नखांच्या कडांना,
अंगठ्याला वेगळं बोटभर.
"चिरल्यावर लावतेस ते औषध.
चिरायच्या आधी लावलंस तर अक्कल."

स्टोअरला मागणी पाठवली:
मलम, अर्ध्या किलोचे डबे, दर वॉर्डाला दोन.
कुलथेभाऊंनी लाल शाईत लिहून परत केली:
सौंदर्यप्रसाधन. नामंजूर.

उजागरे सिस्टर स्वतः खाली गेल्या.
बोलल्या काहीच नाहीत.
त्यांच्या टेबलावर, त्या कागदावर,
दोन्ही हात पालथे ठेवून उभ्या राहिल्या.
पस्तीस वर्षांचे हात.
कुलथेभाऊ बराच वेळ
कुठलीतरी फाईल शोधत राहिले.

डबे फेब्रुवारीत आले. सिस्टर तेव्हा जायच्या तयारीत.
आता बेसिनच्या वर तो साखळीनं बांधलाय,
बँकेतल्या पेनासारखा.

आईला थोडं नेऊन दिलं.
तिनं हुंगलं. "वास नाही, मग काय कामाचं?"
आणि आधी टाचांना फासलं.

मार्चमधली एक दुपार. नाइट करून आले,
पडले, निहार शाळेतून येऊन शेजारी पालथा झाला,
"आई, पाठ."
रोजची त्याची मागणी.
खरखरीत तळव्यानं खाजवलं की
मांजरासारखे डोळे मिटायचा.
हात फिरवला. तो थांबला. मान वळवून म्हणाला,
"हा नको. तो आधीचा दे ना."

नखांनी खाजवलं मग.
बराच वेळ कुरकुरत होता, तसाच झोपला.

यंत्राचं म्हणाल तर,
कधी घेतं, कधी नाही.
आज तिसऱ्यांदा घेतलं.